परक्या घरचें मूल
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त पालकांच्या सभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या समितीनें आम्हांस बोलण्याची आज्ञा केली, तेव्हां विषयही तिनेंच नेमून दिला. आपल्या अमरावती-अकोल्याकडील पंधरा-सोळा वर्षांचीं मुलें विद्यार्थि-विनिमयाच्या योजनेखालीं वर्षभर परदेशीं जाऊन राहतात. तेथें त्यांचा दिवस कसा जातो हें पालकांस सांगावें, अशी समितीची इच्छा. विषय आम्हांस आवडला. परंतु त्याला दुसरी एक बाजू आहे, व ती आम्ही आज मुद्दाम मांडणार आहों. विनिमय म्हणजे देवाणघेवाण. आपण मूल पाठवितों; त्याच्या बदल्यांत परदेशचें मूल आपल्या गांवीं येतें, आणि त्याला कोणाच्या तरी घरीं राहावयाचें असतें. पाठविण्याच्या वेळीं आपल्याकडे उत्साहाला तोटा नसतो. ठेवून घेण्याची वेळ आली म्हणजे मात्र जो तो शेजाऱ्याच्या घराकडे बोट दाखवितो. येत्या पावसाळ्यांत येणाऱ्या एका मुलासाठीं आपल्या मंडळींत विचारणा झाली आहे, आणि तिला अद्यापि कोणाचा होकार आलेला नाहीं. त्या गोष्टीकडे आम्ही शेवटीं वळूं. कारण परक्या घरीं राहणें म्हणजे काय हें कळल्याशिवाय परक्याला घरीं ठेवणें म्हणजे काय हेंही कळणार नाहीं.

योजनेविषयीं थोडक्यांत सांगतों. अशा योजना चालविणाऱ्या संस्था अनेक आहेत. त्यांपैकीं रोटरीची योजना आपल्याकडे अधिक परिचित. तिचें मूळ फ्रान्समधील नीस या शहरीं १९२७ सालीं सांपडतें. दुसरी ए. एफ. एस. नांवाची संस्था पहिल्या महायुद्धांत जखमी सैनिक वाहून नेणाऱ्या अमेरिकन स्वयंसेवकांच्या पथकांतून निघाली, व दुसरें महायुद्ध संपल्यावर, १९४७ मध्यें, त्याच मंडळींनीं शाळकरी मुलांची देवाणघेवाण आरंभिली. ज्यांनीं रणभूमीवरून जखमी उचलले त्यांस मुलांनीं एकमेकांच्या घरीं जेवावें असें वाटलें, यांत आम्हांस नवल वाटत नाहीं. रोटरीच्या वर्षभराच्या योजनेंत मूल सहसा एकाच घरीं राहत नाहीं. पाळीपाळीनें दोन-तीन कुटुंबांत राहतें. राहणें व जेवण यजमानांकडे, प्रवास व विमा आईबापांकडे. मोटार हांकावयाची नाहीं, मद्य घ्यावयाचें नाहीं, अमली पदार्थांस शिवावयाचें नाहीं, प्रेमप्रकरणांत पडावयाचें नाहीं, हे चार निर्बंध सर्वत्र सारखे. हा सारा खर्च पाहतां कोरडवाहू शेतकऱ्याचें मूल ह्या वाटेनें क्वचितच जातें, हें खेदानें सांगितलें पाहिजे. वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड खरी. पण ती सर्वांच्या हातीं नाहीं.

आतां ह्या संस्थांपैकीं एकीचाही जन्म झालेला नव्हता अशा काळीं एक मराठी मुलगी परक्या देशांत, परक्या कुटुंबांत राहावयास गेली, तिची आठवण प्रथम करूं. आनंदीबाई जोशी १८६५ सालच्या मार्चअखेरीस जन्मल्या. ७ एप्रिल १८८३ रोजीं त्या कलकत्त्याहून आगबोटींत बसल्या, तेव्हां त्यांस अठरावें वर्ष पुरें होऊन आठवडाच लोटला होता. ४ जून रोजीं त्या न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांच्या पतीनें एका मिशनऱ्यास लिहिलेलें पत्र अमेरिकेंतील एका मासिकांत छापलें गेलें होतें. न्यू जर्सीमधील रोझेल गांवच्या थिओडिशिया कार्पेंटर ह्या बाईंनीं दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असतां तें वाचलें, आणि कधींही न पाहिलेल्या मुलीला आपण होऊन पत्र धाडलें. आनंदीबाई त्यांस मावशी म्हणत. रक्ताचें नातें नाहीं, धर्म एक नाहीं, भाषा एक नाहीं. तरी त्या उन्हाळ्यांत रोझेलच्या घरीं मावशी व भाची असें नातें उभें राहिलें. यजमान म्हणजे काय, हें आम्हांस कोणी विचारल्यास आम्ही ह्या कार्पेंटरबाईंचें नांव सांगूं.

पुढें ऑक्टोबरांत आनंदीबाई फिलाडेल्फियास स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयांत दाखल झाल्या आणि मावशीचें छत्र सुटलें. खरा परदेश तेथें सुरू झाला. नऊवारी लुगड्यानें त्या थंडीपासून अंगाचा बचाव होईना, म्हणून त्यांनीं गुजराती पद्धतीनें साडी नेसावयास आरंभ केला. शाकाहार सोडावयाचा नव्हता. स्वयंपाक हातानें करावयाचा. ज्या खोलींत राहावयाचें तेथील शेगडीची धुराडी नीट नव्हती. विस्तव पेटवावा तर धुरानें जीव घाबरे, न पेटवावा तर गारठा. मिळून पर्याय दोनच. ११ मार्च १८८६ रोजीं त्यांस पदवी मिळाली, आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, बाविसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, पुण्यास त्यांचा अंत झाला. त्यांच्या दुखण्याचें खापर एका खोलीवर फोडणें धाडसाचें होईल. परंतु ह्या चरित्रांत आम्हांस जी गोष्ट टोंचते ती अशी कीं, सोसणें हाच त्या वेळच्या आपल्या मुलींचा मोठा गुण मानला जाई. तो गुण घरीं शोभतो. परक्या देशीं तो घात करितो. आनंदीबाईंच्या अस्थि कार्पेंटरबाईंकडे धाडण्यांत आल्या, व त्यांनीं त्या न्यूयॉर्क राज्यांतील पकिप्सी येथें आपल्या घराण्याच्या दफनभूमींत ठेवविल्या. परक्या घरच्या मुलीला आपल्या माणसांत कायमची जागा देणारी ती माउली होती.

सोसण्याची ही संवय आजही आपल्या मुलांबरोबर विमानांत चढते. तिचें घरगुती नांव भीड. आपल्याकडे पाहुण्यानें "पुरे" म्हणावें, यजमानानें वाढावें, पुन्हां "पुरे" म्हणावें, पुन्हां वाढावें, असा शिष्टाचार. पहिल्याच आग्रहाला "आणा" म्हणणारा मुलगा हावरा ठरतो. परदेशीं "नको" ह्या शब्दाचा अर्थ नको असाच होतो. अकोल्याकडील एका मुलीची हकीकत तिच्या आईनें आम्हांस सांगितली. अमेरिकेंत यजमानीण रोज रात्रीं विचारी, "आणखी घेणार का?" मुलगी सवयीनें "नको" म्हणे, भांडें उचललें जाई. खोलींत जाऊन ती आईनें दिलेला चिवडा खाई. चिवडा आठव्या दिवशीं संपला, तेव्हां तोंड उघडलें. यजमानीणबाईंच्या डोळ्यांस पाणी आलें. "आठ दिवस तूं माझ्या घरांत अर्धपोटी राहिलीस, आणि मला सांगितलें नाहींस!" असें त्या म्हणाल्या. त्यांना तें विनय वाटलें नाहीं, अविश्वास वाटला. मुलें निघण्यापूर्वीं आपण त्यांस गरम कपडे घेऊन देतों. मागून घेण्याची संवयही तितकीच अगत्यानें बरोबर दिली पाहिजे.

दुसरा असाच एक शब्द आभाराचा. मराठींत आईनें ताट वाढलें असतां "आभारी आहें" म्हणणारा मुलगा एक तर थट्टा करीत असतो, नाहीं तर रुसलेला असतो. जवळच्या माणसाचे आभार मानणें म्हणजे त्याला दूर लोटणें, अशी आपली समजूत. आणि ती सुंदर आहे. पण इंग्लंड-अमेरिकेकडील घरांत मुलगा बापाला मिठाची डबी दिल्याबद्दल धन्यवाद देतो. आपलें मूल मुकाट्यानें जेवून उठलें कीं तेथें तें उद्धट ठरतें, बिचाऱ्याच्या मनांत तर तें घरचें झाल्याची खूण असते! मान डोलावण्याचेंही तसेंच. आपल्या होकाराची मान तिकडे कोणास "नाहीं" वाटते, कोणास "बघूं" वाटते. तोंडानें स्पष्ट "होय" म्हणावें, हें उत्तम.

दारांविषयीं एक शब्द. आपल्या घरांत दिवसां आपल्या खोलीचें दार लावून बसणारा मुलगा आजारी तरी असतो किंवा रागावलेला तरी. जर्मनींत खोल्यांचीं दारें बहुधा लावलेलींच असतात. त्यांत राग नसतो. तेथें रात्रीं कित्येक घरीं चूल पेटत नाहीं. पाव, लोणी, चीज, असें थंड जेवण होतें. गरम भाकरीवर वाढलेल्या मुलाला हा आपला अपमान वाटण्याचा संभव असतो. रविवारीं दुकानें बंद. कचरा तीन-चार निरनिराळ्या पेट्यांत निवडून टाकावयाचा. जपानांत न्हाणीघरांत आधीं बाहेर अंग स्वच्छ धुवून मग कढत पाण्याच्या टाक्यांत बसावयाचें, व त्याच पाण्यांत मागाहून घरांतील इतरांनीं. तेव्हां साबण आंत नेणें म्हणजे सर्व घराचें पाणी नासणें. स्वीडन-डेन्मार्ककडे शिक्षकांस नुसत्या नांवानें हांक मारतात. हें ऐकून आमच्या एका वृद्ध मास्तरांनीं कानांवर हात ठेवले. अमेरिकन शाळांत तास संपला कीं शिक्षक जागेवर राहतो व मुलें वर्ग बदलीत धांवतात. पहिला महिना आपलें मूल बहुधा चुकीच्या खोलींत बसलेलें आढळतें.

भाषेचें भय आईबापांस अधिक, मुलांस कमी. गोव्याचे दामोदर कोसंबी १९१८ सालीं वडिलांबरोबर अमेरिकेस गेले तेव्हां अकरा वर्षांचे होते. केंब्रिज गांवच्या शाळांत ते शिकले, तेथील बालवीरांत दाखल झाले, आणि पुढें हार्वर्डपर्यंत पोंचले. गणिती व इतिहासकार म्हणून त्यांचें नांव सर्वांस ठाऊक आहे. शाळेच्या पटांगणांत जी भाषा येते ती पुस्तकांत सांपडत नाहीं. ज्यांस इंग्रजी येतें अशा आपल्या मुलांस फ्रान्स किंवा ब्राझीलमध्यें पहिले तीन महिने मुक्यासारखे जातात, हें खरें. तीन महिन्यांनीं एके सकाळीं यजमानांच्या धाकट्या मुलानें केलेली थट्टा समजते. त्या दिवशीं पालकांनीं घरीं पेढे वांटावे.

आतां दूरध्वनि. आनंदीबाई निघाल्यापासून पोंचेपर्यंत अठ्ठावन्न दिवस लागले. पत्रोत्तराला महिने लागत. आज अमरावतीच्या बेलोरा येथून मुंबईस विमान जातें (हें १६ एप्रिल २०२५ पासून), आणि मुलाच्या खिशांतील यंत्रांत आईचें तोंड वाटेल तेव्हां दिसतें. ह्यास आम्ही सर्वस्वीं वरदान मानीत नाहीं. आपली सकाळ ती त्यांची रात्र. आई उठल्याबरोबर हांक मारते, मूल निजण्याऐवजीं बदनेऱ्याच्या आत्याच्या घरचें लग्न पाहत बसतें, आणि दुसऱ्या दिवशीं ज्यांच्या घरीं राहतें त्यांच्याशीं बोलावयास त्याच्यापाशीं कांहीं उरत नाहीं. आठवड्यांतून एकदां बोलावें, हा अनुभवी लोकांचा सल्ला आम्हांस मान्य आहे. तो पाळणें आईला मुलापेक्षां कठीण जातें.

रविवारचें दुःख मात्र फोनानें जात नाहीं. यजमान कोणत्या धर्माचे मिळतील हें आधीं ठरत नाहीं. कित्येक घरीं कोणीच देवळांत जात नाहीं. आपल्या एखाद्या मुलाला मिस्सेला जावयाचें असेल तर तेंही त्यानें मागावयाचें असतें. मागितल्यास सहसा कोणी नाहीं म्हणत नाहीं. कांहीं यजमान गाडी घेऊन दाराशीं थांबतात. पुन्हां तीच भीड आडवी येते.

वर्ष वाया जातें काय, असें सर्वजण विचारतात. आम्ही खोटी समजूत घालणार नाहीं. अकोल्यास वैद्यकीय प्रवेशाच्या शिकवणीवर्गांची जी गर्दी उसळते तींत सोळाव्या वर्षीं एक वर्ष बाहेर राहणें म्हणजे सोबत्यांच्या मागें पडणें होय. तेथील शाळेचें वर्ष येथें पुष्कळदां धरलें जात नाहीं, आणि अकरावी पुन्हां करावी लागते. ज्यांस हें परवडत नसेल त्यांनीं मुलाला पाठवूं नये, आणि त्याबद्दल कोणी त्यांस मागासलेले म्हणूं नये. २०२० च्या मार्चमध्यें महामारीमुळें कित्येक मुलें वर्ष अर्ध्यावर टाकून घाईघाईनें परतलीं. त्यांचें दोन्हीकडून नुकसान झालें. जें मिळतें तें गुणपत्रिकेवर दिसत नाहीं. परतलेला मुलगा जेवण झाल्यावर आपलें ताट आपण घासावयास उठतो, व आजी घाबरून विचारते, "ह्याला काय झालें बाप्पा?" हिशोबांत हें कोठें मांडावें, तें ज्याचें त्यानें ठरवावें.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. हें सारें उलट करून पाहा. जुलै-ऑगस्टांत, वऱ्हाडांत काळी माती चिखल झालेली असतां, सोळा वर्षांचें एक मूल नागपुरास किंवा मुंबईस उतरतें आणि आपल्या अंगणांत येऊन उभें राहतें. शेजारचीं दहा माणसें तें पाहावयास येतात. त्याला विचारतात: बापाला पगार किती, भाऊ किती, लग्न केव्हां? त्याच्या देशांत हे प्रश्न मित्रही विचारीत नाहीं. त्याच्याबरोबर फोटो काढतात. रात्रीं तें आपल्या खोलीचें दार लावून घेतें, आणि यजमानीण म्हणते, पोराला आमचें घर आवडलें नाहीं! जेवतांना तें "पुरे" म्हणतें आणि आपण वाढतों. तें खरोखरच पुरे म्हणत असतें. अकोल्याच्या मुलीला तेथें जी उपासमार झाली, तिच्या नेमकें उलट येथें घडतें. दोन्हीकडे माया तितकीच, आणि दोन्हीकडे मुलाच्या पोटाचे हाल!

पाण्याविषयीं स्पष्ट बोलावें. अकोल्यास काटेपूर्णा धरणाचें पाणी येतें, अमरावतीस अप्पर वर्ध्याचें. आणि अकोल्यास कित्येक उन्हाळ्यांत नळाला अनेक दिवसांआड पाणी येतें, हें आपल्या अंगवळणीं पडलेलें आहे. नळाखालीं पाव तास उभें राहून स्नान करणाऱ्या मुलाला बादली व तांब्या देऊन, "एवढ्यांत आटप," असें पहिल्याच दिवशीं हंसत सांगितलें तर तें शिकतें. भिडेनें न सांगतां आंतल्या आंत चरफडणाऱ्या घरांत तिसऱ्या आठवड्यांत कटकटी होतात. भीड आपलीही आहे. ती फक्त मुलांची नाहीं. मे महिन्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्या दिवसांत मुलानें दुपारीं बाहेर पडूं नये, कांदा-कैरीचें पन्हें प्यावें, ओला पंचा डोक्यावर घ्यावा, हें त्याला कोणत्याही माहितीपुस्तकापेक्षां घरच्या आजीनें सांगितलेलें अधिक पटेल.

आणि त्याला मिळेल काय? पोळ्याला सजवलेले बैल, दुसऱ्या दिवशीं तान्ह्या पोळ्याला लाकडी बैल ओढणारीं पोरें. वरूड-मोर्शीकडच्या बागेंतील झाडावरून तोडलेलें संत्रें. पौषांत शेतावर भाजलेला हुरडा. अमरावतीचा गिला वडा. शिवाय भाषा. येथें आलेलीं मुलें पुस्तकांतील "मी जेवत आहें" लवकर विसरतात, आणि "मी जेवून राहिलों" असें म्हणूं लागतात. पुण्याच्या मंडळींस तें ऐकून काय वाटेल हें सांगवत नाहीं. आम्हांस मात्र त्या दिवशीं तें मूल वऱ्हाडचें झालें असें वाटतें.

कोणी म्हणतात, आमच्या घरीं वेगळी खोली नाहीं. ती नसली तरी चालतें. वेगळा पलंग, कपड्यांस एक कपाट, अभ्यासास मेज, आणि मनांत आलें तर तासभर एकटें बसण्यास एक कोपरा, इतकें पुरे. कोणी म्हणतात, आमचें जेवण साधें. साधेंच हवें, पहिले पंधरा दिवस तिखट वेगळें ठेवावें, मग तें मूल आपण होऊन ठेचा मागतें. कोणी म्हणतात, घरीं तरुण मुली आहेत. ही शंका रास्त आहे, व तींत लाजण्याजोगें कांहीं नाहीं. यजमानांच्या घरीं आधीं भेट देऊन चौकशी होते, घरांतील मोठ्या माणसांची पार्श्वभूमि तपासली जाते, आणि परदेशी पाहुण्याची सरकारदरबारीं नोंद करावी लागते. अडचण वाटल्यास मुलाऐवजीं मुलगी द्यावी असें सांगतां येतें. भिडेस्तव होकार देऊन पुढें पस्तावण्यापेक्षां आज नकार देणें बरें. पण नकार विचार करून द्यावा, शेजाऱ्याकडे बोट दाखवून देऊं नये.

आपल्या धर्मग्रामांतून गेलीं तीं मुलें कोणाच्या तरी घरीं जेवलीं. त्या बायांनीं आपलीं नांवें कधीं ऐकलीं नव्हतीं, आणि अकोला नकाशांत कोठें आहे हें त्यांस शोधावें लागलें असेल. आतां येणाऱ्या मुलाला वर्षांत तीन घरें लागतील, प्रत्येकीं सुमारें चार महिने. पावसाळा ज्यांच्या वांट्याला येईल त्यांस चिखल. हिंवाळा ज्यांच्या वांट्याला येईल त्यांस नाताळ आणि हुरडा. उन्हाळा घेणाऱ्यांस आम्ही आधींच नमस्कार करितों. नांवांचा कागद सभामंडपाच्या दाराशीं असलेल्या मेजावर ठेवलेला आहे. उन्हाळ्याच्या ओळींत आम्हीं आमचें नांव घातलें आहे. वरच्या दोन ओळी रिकाम्या आहेत. शाईची दौत तेथेंच आहे.